हरिपुरात राहायला येताय? आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २००८ साली सांगलीच्या गावभागातलं भाड्याचं घर सोडून हरिपुरात जुनं, बैठं घर घेतलं. तेव्हापासून ओळखीतलं, नात्यातलं कुणी ना कुणी विचारत असतं: तिकडे कसं आहे, घर घेऊ का, आईवडिलांना तिथे ठेवता येईल का. फोनवर तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

हरिपूर हे गाव आहे की सांगलीचं उपनगर?

दोन्ही. स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि तालुका मिरज. पण सांगलीतून बागेतल्या गणपतीवरून हरिपूर रोडला लागलात की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. रस्त्याच्या कडेला जुनी चिंचेची झाडं दिसू लागली की आलं, असं धरून चाला. अंतर चारेक किलोमीटर. नोकरीसाठी, बाजारासाठी, बँकेच्या कामासाठी रोज सांगली. त्यामुळे व्यवहारात उपनगर, आणि कुणाच्या घरी मयत झालं तर सगळी गल्ली दारात उभी असते त्या अर्थाने गाव.

गावाच्या टोकाला कृष्णेला वारणा येऊन मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्यातला, शिरोळ तालुक्याचा. नाटककार गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली याच गावात जन्मले, आणि ही गोष्ट इथलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला सांगेल.

पूर येतो का?

येतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकल्यावर बरेच जण विषय बदलतात. माझी विनंती आहे की विषय बदलू नका, नीट समजून घ्या. पूर येतो म्हणून हरिपुरात राहू नये असं मला वाटत नाही. पण पुराची माहिती न घेता इथे येणं ही चूक आहे.

सांगलीत पुराचं माप कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी घेतात. हा पूल १९२९चा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१च्या जुलैमध्ये ५४ फुटांच्या वर. हे आकडे आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

आता मुख्य गोष्ट. हरिपुरातल्या प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. आयर्विनला किती फूट झाले की या उंबऱ्याला पाणी लागतं, तो आकडा. आमच्या घराचा साधारण ५४. २००५ला आम्ही इथे नव्हतो, पण शेजारच्या आक्का सांगतात की पाणी आमच्या वरच्या पायरीला टेकून उतरलं. २०१९ला स्वयंपाकघरात कंबरभर होतं. २०२१ला घोट्याएवढं. तिन्ही वेळा आकडा जुळला.

पण घराच्या आकड्याइतकाच गल्लीचा आकडाही महत्त्वाचा, आणि तो कुणी विचारत नाही. आमचं घर ५४चं असलं तरी गल्लीच्या तोंडाशी सखल भाग आहे, तिथे कितीतरी आधी पाणी भरतं. म्हणजे घर कोरडं आणि रस्ता बंद, अशी अवस्था होते. २०१९ला आम्ही नेमकं इथेच चुकलो. पहिला श्रावणी सोमवार ५ ऑगस्टला होता, त्याच दिवशी नागपंचमी. घरात पुरणाची दिंडं केली होती. आक्का भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "पाणी चढायलंय गं, सामान वर घ्या आणि निघा." मी म्हटलं, अजून पुष्कळ अवकाश आहे, आमच्या दारात यायला ५४ व्हावे लागतात. सासूबाई रात्रभर बॅटरी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. तासातासाला खडूने रेघ मारायच्या आणि पुढच्या तासाला ती रेघ बुडालेली असायची. पाण्याला लाट नाही, आवाज नाही. बोटाबोटाने वर येत होतं. सकाळी गल्लीचं तोंड गळ्याइतकं भरलं होतं आणि आम्हाला गावातल्या पोरांनी बोटीतून काढलं. त्याच आठवड्यात वरच्या बाजूला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी ऐकली तेव्हा मी सासूबाईंचा हात धरून बसले होते. तेव्हापासून आमच्या घरचा नियम एकच: निघायचं ते गल्लीच्या आकड्यावर, घराच्या नाही. पायी निघता येतंय तोवर निघायचं. २०२१ला आम्ही त्याप्रमाणे वेळेत बाहेर पडलो.

इथेच एवढं पाणी का साठतं?

कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं. चांदोली धरणाचं पाणी वारणेतून थेट आमच्या संगमावर येतं. आणि खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. तिन्हीकडे एकदम पाऊस लागला की खालचं पाणी पुढे सरकत नाही आणि वरचं येतच राहतं. यालाच फुगवटा म्हणतात. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा यात किती वाटा, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की सांगलीत ऊन पडलं असलं तरी पाणी चढू शकतं. आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून अंदाज बांधू नका, महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीचा पाऊस बघा.

पूर ओसरल्यावर काय करावं लागतं?

पाणी उतरत असतानाच घरात शिरून खराट्याने गाळ बाहेर ढकलायचा. हे फार जणांना माहीत नसतं. पाणी पूर्ण उतरल्यावर निवांत साफ करू म्हटलं की गाळ फरशीला धरतो आणि मग फावड्याने खरवडावा लागतो. उतरत्या पाण्याबरोबर तो आपोआप जातो. आम्ही २०१९ला उशिरा पोचलो आणि चार दिवस नुसता गाळ उपसत होतो. कपाटांची दारं फुगून बसली होती, पिठाचे डबे उलटे तरंगून माळ्याच्या तुळईला अडकले होते. गाद्या चौघांनी उचलल्या तरी उचलत नव्हत्या.

वीज लगेच चालू करू नका. आधी वायरमनला दाखवा. पायात बूट घाला, कारण साप अडगळीत बसलेले असतात. साफ करण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. आणि कागदपत्रं, म्हणजे खरेदीखत, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, जूनमध्येच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकांकडे ठेवून या. आमची पिशवी दरवर्षी सांगलीत विश्रामबागला नणंदेकडे जाते आणि दिवाळीला परत येते.

घर किंवा प्लॉट घेताना काय बघायचं?

आधी पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यावर निर्बंध. एजंट म्हणेल, "ताई, इथे पाणी कधीच येत नाही." त्याच्यावर विसंबू नका. शेजारच्या तीन घरांची दारं वाजवा आणि २०१९ला कुठपर्यंत होतं ते विचारा. भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

मग कागद. सातबारा, बिगरशेती आदेश, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा. गुंठेवारीत तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. सांगली परिसरात या प्रकाराने फार संसार अडकलेत.

जमीन काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पायावर पैसे वाचवले तर तिसऱ्या वर्षी भिंतींना तडे जातात. जोतं जितकं उंच घेता येईल तितकं घ्या, आणि मीटर, स्विचबोर्ड छातीच्या वर बसवा.

आणखी एक प्रश्न फक्त हरिपुरात विचारावा लागतो: जागेखाली जुनं पेव आहे का?

पेव म्हणजे काय?

हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. सांगली म्हणजे हळदीची मोठी पेठ, आणि त्या पेठेची तिजोरी पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या मातीत होती. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातही या पेवांचं महत्त्व आहे. वरून पाहिलं तर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत मात्र रांजणासारखं पोट. इथली माती अशी घट्ट की आत ओल झिरपत नाही, म्हणून हळकुंडं वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची.

आक्कांच्या घरामागे एक पेव होतं. त्या सांगतात की तोंड उघडल्यावर लगेच कुणी खाली उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. कंदील विझला नाही तरच हमाल उतरायचा. वर आलेला माणूस भुवयांपर्यंत पिवळा झालेला असायचा आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीला हळदीचा वास असायचा. २००५च्या पुराने पेवांमध्ये पाणी शिरलं, पुष्कळ ढासळली. पुढे गोदामं आणि शीतगृहं आली आणि नवीन पेव कुणी खोदेनासं झालं.

मला याचं फार वाईट वाटतं. एवढी मोठी विद्या, कुठल्या जागी खोदायचं, किती खोल जायचं, आतून अस्तर कसं करायचं, ती अंगात असलेली माणसं आता थकलीत. ती आहेत तोवर एखाद्याने बसून लिहून घ्यायला पाहिजे.

प्लॉट घेणाऱ्याने मात्र म्हाताऱ्या माणसांना विचारून पेवांच्या जागा जाणून घ्याव्यात. नीट न भरलेल्या पेवावर घर उभं राहिलं तर जमीन खचते.

ये-जा कशी करायची?

शहर बस आहे, वडाप म्हणजे शेअर रिक्षा आहे. दिवसा अडचण नाही. रात्री नऊनंतर स्वतःची गाडी हवी. रेल्वेसाठी सांगली स्टेशन जवळ, पण बहुतेक गाड्या मिरज जंक्शनवरून मिळतात. कोल्हापूरच्या बाजूला जायला अंकलीचा रस्ता आहे, आणि नदीपलीकडच्या कोथळीला आता पुलावरून जाता येतं. आधी नावेने जावं लागायचं.

शाळा आणि दवाखाने?

लहान मुलांना गावातली शाळा चालते. पाचवीनंतर बहुतेक मुलं सांगलीला जातात. कॉलेजचं विचाराल तर विलिंग्डन आणि वालचंद दोन्ही विश्रामबागेत, सायकलवाल्या पोराला जरा लांब पडतं.

दवाखान्यांच्या बाबतीत नशीबवान आहोत. ताप-खोकल्याला गावातले डॉक्टर, मोठ्या दुखण्याला सांगली, आणि मिरज तर दवाखान्यांचंच गाव, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून. म्हातारी माणसं घरात असतील तर एकच करा: पावसाळ्याच्या तीन महिन्यांची औषधं आधीच आणून ठेवा. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या २०१९ला घरात राहिल्या होत्या आणि निवारा केंद्रात दोन दिवस गोळी नव्हती. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

नदीत पोहायला जाता येतं का? मगरी आहेत म्हणे?

आहेत. कृष्णेत मगरी सांगलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे दिसतात, हिवाळ्यात दुपारी काठावर ऊन खात पडलेल्या असतात. माझे सासरे संगमात पोहायला शिकले, आम्ही मुलांना तिथे शिकवलं नाही. घाटावर पाय धुवा, दिवा सोडा. कडेकडेने धुणी धुणाऱ्या बायका आजही असतात, पण त्यांची नजर सतत पाण्यावर असते. नवख्या माणसाला ती नजर नसते.

पाण्याचं काय? नदी स्वच्छ आहे का?

नळाला पाणी येतं, पण पिण्यासाठी आम्ही गाळून, उकळूनच घेतो. नदीबद्दल खरं सांगायचं तर मन दुखतं. शेरीनाल्याचं सांडपाणी सांगलीतच कृष्णेत मिसळतं आणि आम्ही त्याच्या खालच्या अंगाला. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी झालं की हिरवट तवंग येतो, कधी कधी मासे मरून काठाला लागतात. संगमावर येणारा माणूस त्याच पाण्याने आचमन करतो. हा प्रश्न सुटावा म्हणून कित्येक वर्षं नुसती चर्चा चालू आहे. राहायला याल तर या बाबतीत आवाज उठवणाऱ्यांत सामील व्हा, आम्हाला माणसं हवी आहेत.

डास?

खूप. खिडक्यांना जाळ्या बसवा.

भाड्याने घर मिळतं का?

मिळतं. वरच्या मजल्याची खोली आधी जाते आणि तिचं भाडंही जास्त असतं, कारण तुम्हाला आता कळलंच असेल. तळमजला स्वस्त मिळाला म्हणून आनंदून जाऊ नका. तळमजलाच घ्यायचा असेल तर मालकाला आधीच विचारा की पूर आल्यास सामान वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर ठेवू द्याल का. शक्य असेल तर करारात लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला ऐन वेळी जिन्याला कुलूप दिसलं.

श्रावणात फार गर्दी असते का?

श्रावणातल्या सोमवारी संगमेश्वराची यात्रा भरते. सांगलीतून माणसं चालत येतात, पहाटेपासून रस्ता भरलेला असतो. पाळणे, खेळणी, भडंगाच्या गाड्या, देवळाकडे बेलफुलांच्या पाट्या. त्या दिवशी गाडी बाहेर काढायचा विचार सोडा. कामावर जायचं असेल तर सकाळी लवकर निघा.

आणि पाहुणे येतात. न सांगता येतात. माहेरची, सासरची, नवऱ्याच्या ऑफिसातली. दर्शन झालं की चहाला म्हणून पाय आमच्याच दाराकडे वळतात. पहिल्या वर्षी मी गांगरले होते. आता रविवारी रात्रीच मोठं पातेलंभर साबुदाणा भिजत घालते. आक्कांकडून दाण्याचं कूट येतं, आमच्याकडून त्यांच्याकडे ताक जातं. पूर नसेल त्या वर्षी हा महिना हरिपुरातला सगळ्यात सुंदर महिना आहे. नदी तांबूस, दोन्ही काठ हिरवे, आणि संध्याकाळी घाटावर उभं राहिलं की कृष्णेचं आणि वारणेचं पाणी वेगवेगळ्या रंगाचं दिसतं, बऱ्याच अंतरापर्यंत मिसळत नाही.

शेजारी फार चौकशा करतात का?

करतात. कुठे चाललात, पोराला किती मार्क पडले, दुसऱ्या मुलाचं काय. शहरातून आलेल्याला पहिले सहा महिने गुदमरायला होतं, मलाही झालं होतं. सुनेच्या कपड्यांवर, यायच्या वेळेवर बोललं जातं, हे मी लपवणार नाही. माझ्या जावेने यावरून गाव सोडलं आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण याच चौकशीमुळे बोटवाल्या पोरांना आमच्या घरात किती माणसं आहेत, कुणाला चालता येत नाही, हे न विचारता माहीत होतं. त्यांनी हाक मारली ती "आजीला आधी द्या" अशी.

नवीन माणसाला गावात सामावून घेतात का?

वेळ लागतो. घाटाच्या साफसफाईला खराटा घेऊन जा, मयताला जा, गणपतीत वर्गणी विचारायला येण्याआधी स्वतः द्या. काही पावसाळे इथे काढलेत की तुमच्या घराला तुमच्या नावाने ओळखू लागतात. आमच्या घराला लोक पाच वर्षं आधीच्या मालकाच्याच नावाने ओळखत होते.

पुन्हा मोठा पूर आला तर तुम्ही तिथेच राहणार का?

हो. २०१९नंतर आम्ही महिनाभर विश्रामबागेत होतो, तिथे घर घ्यायचंही बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, मी येणार नाही. त्यांच्यामुळे परत आलो, पण आता मला स्वतःलाच जावंसं वाटत नाही. दोन वर्षांनी कर्ज काढून वर एक खोली आणि मोरी बांधली. शेगडीचा ओटा वर, धान्याच्या कोठ्या वर. खाली लोखंडी कॉट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिजलं तरी चालेल एवढंच सामान. सगळ्यांना हे परवडत नाही याची मला जाणीव आहे. ज्यांना वर बांधता येणार नाही त्यांनी निदान गच्चीवर जायला पक्का जिना तरी करावा.

घर ठरवण्याआधी बघायला कधी यावं?

सगळे दिवाळीनंतर येतात. तेव्हा हवा छान, नदी निळी, रस्ते कोरडे, आणि माणूस लगेच हो म्हणतो. तुम्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या. संगमेश्वराच्या पायऱ्या किती बुडाल्यात ते बघा. मग जी जागा घ्यायची आहे तिथून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जा, वाटेत सखल जागा कुठे लागते ते नजरेत ठेवा, आणि तिथल्याच घराचं दार वाजवून दोन्ही आकडे विचारा. दार एखाद्या आक्कांनी उघडलं तर चहा झाल्याशिवाय सुटका नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवून या.